मॅग्नेटाइटचे कण एकसारखे का होत नाहीत?

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. फेरिक क्लोराइड आणि फेरस सल्फेट यांच्या द्रावणात थेंबाथेंबाने अमोनिया घालून मी मॅग्नेटाइटचे, म्हणजे काळ्या चुंबकीय लोह ऑक्साइडचे, नॅनोकण तयार केले. काळा अवक्षेप दोन दिवसांत तपकिरी झाला आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात कण लहानमोठे, वेडेवाकडे दिसले. माझे कुठे चुकते?

उत्तर : आपल्या पत्रातला ‘थेंबाथेंबाने’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. अमोनिया सावकाश पडला, की पहिल्या थेंबांबरोबर जन्मलेली केंद्रके, म्हणजे कणांची सूक्ष्म बीजे, वाढत राहतात आणि शेवटच्या थेंबांची जेमतेम आकार धरतात. सगळी केंद्रके एकदमच तयार व्हावीत आणि उरलेले द्रव्य केवळ त्यांच्यावरच साचावे, हे तत्त्व रसायनशास्त्रज्ञ ला मेर यांनी १९५० साली गंधकाच्या कणांच्या अभ्यासातून मांडले. म्हणून जोराने ढवळत असताना अमोनिया एकदम ओतून पाहा.

तपकिरी रंग हवेतल्या ऑक्सिजनमुळे येतो, कारण फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन मॅग्नेटाइटचे मॅगेमाइट हे तपकिरी लोह ऑक्साइड बनते. तेही चुंबकाकडे ओढले जाते, त्यामुळे चुंबकाच्या कसोटीवर विसंबू नका. पाणी उकळून नायट्रोजनखाली थंड करा आणि हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, बाटली उघडून नीट पाहा. हिरवट स्फटिकांवर पिवळसर-तपकिरी भुकटी दिसली, तर मॅग्नेटाइटसाठी लागणारे फेरस-फेरिकचे १ : २ हे प्रमाण वजन करण्यापूर्वीच बिघडले आहे.

एवढे करूनही पाण्यातल्या पद्धतीत आकारांची थोडी तफावत राहतेच. खरोखर एकसारखे कण हवे असतील, तर लोह ओलिएट (लोह आणि ओलिइक आम्ल यांचे संयुग) उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवावे लागते. सोलच्या संशोधकांनी २००४ मध्ये याच मार्गाने एका वेळी ४० ग्रॅम एकसारखे कण मिळवले आणि निरनिराळ्या उत्कलनबिंदूंचे द्रावक वापरून त्यांचा आकार ५ पासून २२ नॅनोमीटरपर्यंत बदलून दाखवला. असाच एक द्रावक, १-ऑक्टाडेसीन, सुमारे ३२० अंश सेल्सिअसला उकळते. हे काम नायट्रोजनखाली, धूर ओढणाऱ्या कपाटात आणि मार्गदर्शक शेजारी असतानाच करावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

घनाकृती कणांसाठी त्याच मिश्रणात सोडियम ओलिएट घालतात. ते स्फटिकाच्या ठरावीक पृष्ठांना चिकटून त्यांची वाढ मंदावते, आणि जी पृष्ठे हळू वाढतात तीच शेवटी कणाचा बाह्याकार ठरवतात. मात्र या कणांवर ओलिइक आम्लाचा थर असल्यामुळे ते पाण्यात पसरत नाहीत. आपला पुढचा प्रयोग पाण्यातला असेल, तर आधी तो थर बदलावा लागेल.