क्रांतीच्या काळातले फोटो पुढच्या पिढ्यांना खरं काय घडलं ते सांगतात का?

माझ्या मते, अर्धंच सांगतात. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचं उदाहरण देतो.

१६ जुलै १९७९. एस्तेली शहरात हुकूमशहा सोमोझाच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे त्याच्या सैन्याच्या, ठाण्यावर एक तरुण पेप्सीच्या बाटलीतला पेट्रोलबॉम्ब भिरकावतोय. दुसऱ्या हातात बंदूक, गळ्यात क्रूस. फोटो अमेरिकन छायाचित्रकार सुझन मायझेलस यांचा. दुसऱ्याच दिवशी सोमोझा देश सोडून पळाला आणि चाळीसेक वर्षांची घराणेशाही संपली.

मग तो फोटो सगळ्यांचाच झाला. भिंतींवर आला, काडेपेटीवर आला. इतकंच काय, क्रांतीच्या विरोधात लढणाऱ्या काँत्रांनीही तो आपल्या प्रचाराला वापरला! पुढे न्यूयॉर्कमधल्या एका चित्रकर्तीनं त्यावरून चित्र रंगवलं. त्यात ना एस्तेली उरली, ना सोमोझा. उरला नुसता चवताळलेला माणूस. हक्कांवरून वाद झाला. मी मायझेलस यांच्या बाजूचा. प्रश्न पैशांचा नाही, तो तरुण कोणावर बाटली फेकत होता हे पुसलं जाण्याचा आहे.

त्यांचं मोठेपण मला त्या एका क्लिकमध्ये दिसत नाही, त्या पुन्हा पुन्हा तिथे परत गेल्या त्यात दिसतं. दहा-बारा वर्षांनी त्यांनी फोटोतली माणसं शोधून त्यांच्यावर माहितीपट केला. २००४ मध्ये, क्रांतीच्या पंचविशीला, १९ फोटो भिंतीएवढे मोठे करून जिथे काढले होते तिथेच उभे केले. राजधानी मानाग्वाबाहेरच्या ज्या टेकडीवर गार्ड माणसं मारून टाकत, तिथेही तिथल्याच एका प्रेताचा फोटो लागला. येणारेजाणारे थांबत, जुन्या गोष्टी निघत, तरुण पोरं पहिल्यांदाच ऐकत. गॅलरीत हे होत नाही.

तरी आठवण कोणाच्या ताब्यात राहील याची खात्री फोटो देत नाही. मासाया शहरातल्या मोनिम्बो वस्तीतली, नाचाचे पारंपरिक मुखवटे घातलेली बॉम्बवाली पोरं १९७८ मध्ये त्यांनीच टिपली होती. तेव्हाच्या बंडात लोक रस्त्यातले पेव्हर ब्लॉक उखडून अडथळे रचत. (ते ब्लॉक सोमोझाच्याच कारखान्यातले, हा वेगळाच विनोद.) २०१८ मध्ये त्याच मोनिम्बोत पुन्हा ब्लॉक उखडले गेले. या वेळी समोर होतं ओर्तेगांचं सरकार, म्हणजे १९७९ च्या विजेत्यांपैकीच एकाचं, आणि रस्त्यावर घोषणा होती, ‘ओर्तेगा आणि सोमोझा, दोघे एकच!’