'गिऱ्हाईक' दोनदा का दिसतं?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. मुंबई-पुण्याची सातशेच्या आसपास गिऱ्हाइकं माझ्या फोनमध्ये आहेत, सगळी मराठीत, 'गिऱ्हाईक कोथरूड ४ पेट्या' अशा नावांनी. मुलाने फोन आणि कॉम्प्युटर जुळवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. सिंक केल्यावर कॉम्प्युटरवर कितीतरी नावं दोन-दोनदा आली, काही अर्ध्यावर तुटली, काहींच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. हे सुधारता येईल, की सिंकचा नादच सोडू?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : नाद सोडू नका, ताई. उद्या फोन विहिरीत पडला तर मोसम कसा काढाल?

फोनमधली यादी अजून शाबूत असेल तर आजच ती 'एक्सपोर्ट' करा आणि निघालेली फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. मग सॉफ्टवेअरमध्ये सिंक 'दोन्हीकडून' असेल तर 'फोनकडून कॉम्प्युटरकडे' एवढंच करा. नाहीतर कॉम्प्युटरवरची बिघडलेली नावं उलट फोनमध्ये शिरतील.

तुमचं पत्र वाचून मी मालवणच्या माझ्या दुकानात 'गिऱ्हाईक' हाच शब्द फोनमध्ये टाकला आणि त्याची फाइल उघडून बसलो. नावं ज्या व्हीकार्ड पद्धतीने जातात तिची २.१ ही आवृत्ती १९९६ची, आणि बरेच फोन अजून तीच काढतात. तीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं (बाइट म्हणजे कॉम्प्युटरचा साठवणीचा छोटा तुकडा) होतं आणि प्रत्येक बाइट '=' ही बरोबरची खूण व दोन अक्षरं-आकडे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागे ९ जागा. ग, वेलांटी, ऱ, पाय मोडल्याची खूण, ह, काना, ई, क – ८ चिन्हं, ७२ जागा. ओळीची मर्यादा ७६. कोथरूड बिचारं पुढच्या ओळीत जातं, आणि ओळीच्या शेवटी 'अजून आहे' असं सांगणारी एक बरोबरची खूण राहते. ती खूण ज्या सॉफ्टवेअरला कळत नाही, तिथे नाव तुटतं. जे मुळात उलगडतच नाही, ते ती सगळी रांग तशीच दाखवतं. फाइल काढताना ३.० किंवा ४.० निवडायची सोय असेल तर ती घ्या. हा त्रास तिथेच संपतो.

दुहेरी नावांची गोष्ट मात्र खास आपली आहे. 'ऱ्ह' मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ आणि त्याचा पाय मोडून. दुसरी, साधा र, पायमोड आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही 'गिऱ्हाईक' सारखेच. कॉम्प्युटरला एक ८ चिन्हांचा, दुसरा ९ चिन्हांचा. तुमचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो, मुलाचा दुसरी, की झाली दोन माणसं! त्यात एका नंबराआधी +९१, दुसऱ्याआधी शून्य. सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरने नावं जुळवण्याआधी या दोन तऱ्हा एक मानल्या पाहिजेत, आणि मोबाइल नंबर शेवटच्या १० आकड्यांवरून ताडले पाहिजेत. हे अवघड काम नाही. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कऱ्हाडे, गोऱ्हे अशी नावं कधी आलेलीच नसतात, एवढंच.

म्हणून त्यांना कळवायलाच हवं. 'मराठी चालत नाही' असं लिहून काही होत नाही. मीही एकदा तसंच लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा दोन खोट्या नावांची छोटी फाइल जोडली, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कुठलं बटण दाबलं, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं ते लिहिलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसाने ती फाइल स्वतः चालवून पाहिली, आणि पुढच्या आवृत्तीत नावं अख्खी आली. गिऱ्हाइकांचे खरे नंबर मात्र कोणालाही पाठवू नका. तुम्ही खोट्या नावांची फाइल माझ्याकडे पाठवलीत तर इंग्रजी पत्र मी लिहून देईन. पेट्या भरायची घाई सुरू व्हायच्या आत पाठवा.

प्रश्न : सिंक चालू असताना लाइट गेली आणि कॉम्प्युटरवरची यादी रिकामी झाली. चूक माझी का?
– गुहागर

उत्तर : नाही. पावसाळ्यात लाइट जाणारच, हे सॉफ्टवेअरने धरून चालायला हवं. नवी यादी आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची आणि मगच जुनीच्या जागी ठेवायची, ही जुनी, साधी रीत आहे. ती पाळली की मध्येच लाइट गेली तरी जुनी यादी जागेवर राहते. तुमचं सॉफ्टवेअर जुनी पुसून मग नवी लिहीत असावं. बनवणाऱ्यांना हेच शब्द कळवा. तोवर लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली ठेवूनच सिंक करा, आणि फोनमधली यादी शाबूत असेल तर आधी तिची फाइल काढून घ्या.