आप्पांना विमानात बसवावं का?

प्रश्न : आमचे आप्पा ६९ वर्षांचे, सगळं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये गेलं. सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागण्याचा फुफ्फुसाचा आजार) आहे, शुगरचं इन्सुलिन चालू आहे आणि रात्री घरी ऑक्सिजनचं मशीन लावतो. पुढच्या महिन्यात भावाच्या बंगलोरच्या घराची वास्तुशांत, आप्पा म्हणतात विमानानेच जाईन. शेजारचे म्हणतात विमान कंपनीला आजार सांगूच नका, चढू देणार नाहीत. काय करावं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : शेजाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आपल्याकडे "काही व्हत नही" म्हणून दामटायची सवयच आहे, पण विमानात मध्येच दम लागला तर उतरणार कुठे?

विमान कितीही उंच उडो, आतली हवा साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असते तशी विरळ ठेवलेली असते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वरची. धडधाकट माणसाचं ऑक्सिमीटरही तिथे थोडं खाली येतं, मग ज्यांचं इथेच ९१-९२ असतं त्यांचं काय होईल बघा. म्हणून आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि नुसतं बसवून नाही तर चालवून ऑक्सिजन मोजायला सांगा. मागच्या काही आठवड्यांत दम वाढून अ‍ॅडमिट झाले असतील किंवा फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साठली होती असं कधी निघालं असेल तर ते न विसरता सांगा, तिकीट पुढे ढकलावं लागलं तरी चालेल.

डॉक्टर हो म्हणाले की कंपनीचा मेडिफ फॉर्म (पेशंटच्या तब्येतीची माहिती देणारा) त्यांच्याकडून भरून घ्या आणि निदान दोन-तीन दिवस आधी पाठवा, व्हीलचेअरचंही तेव्हाच सांगून टाका, कारण टर्मिनलमध्ये चालणं फार असतं आणि आप्पांचा दम खरा तिथेच निघतो. घरचं मोठं मशीन विमानात चालत नाही, स्वतःचा सिलिंडर तर नेऊच देत नाहीत. काही कंपन्या पैसे घेऊन ऑक्सिजन देतात, काही देतच नाहीत, म्हणून विचारूनच तिकीट काढा. नाहीतर बॅटरीवालं छोटं मशीन भाड्याने घ्या, ते कंपनीला चालतंय का ते आधी विचारा आणि प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी ठेवा, जादा बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत. आणि हो, वरून पडणारे ते पिवळे मास्क पेशंटसाठी नसतात हां, ते जेमतेम दहा-पंधरा मिनिटं चालतात, तेही केबिनमधली हवाच गेली तर, पण बऱ्याच लोकांचा भरवसा त्याच्यावरच असतो.

इन्सुलिन, दमाचा पंप (इन्हेलर), गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी आप्पांच्या हातातल्या पिशवीत. खालच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

निघायच्या दिवशी भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा असा बेत नको. वर गेलं की पोटातला गॅस फुगतो, तो छातीचा पडदा वर ढकलतो आणि आधीच दमलेल्या माणसाला श्वास घेणं अजून जड जातं. आप्पा रुसतील, पण वास्तुशांतीला जेवतीलच की.

परतीचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तिचा फॉर्म वेगळा, तोही जातानाच भरून घ्या, बंगलोरला नवीन डॉक्टर शोधत बसू नका.