टेम्पो पारापाशी थांबवू नका

प्रश्न : काका, २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमच्या बचतगटाने कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, साड्या, चादरी गोळा करून माढा तालुक्यातल्या एका गावात नेल्या. टेम्पो पारापाशी थांबला अन् एकच झुंबड उडाली. दहा मिनिटांत सगळं संपलं. निघताना चिखल तुडवत दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांना द्यायला काही उरलं नव्हतं. ते मनातून जात नाही. तुम्ही फौजेत असताना भूकंपात मदत वाटली आहे. तिथं कसं करत होता?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, अशी एक म्हातारी माझ्याही मनात वीस वर्षं बसून आहे.

८ ऑक्टोबर २००५. काश्मीरच्या भूकंपात आपल्या बाजूला उरी आणि तंगधारला सगळ्यात जास्त तडाखा बसला. आमचे बंकरही ढासळले, आमचेही जवान गेले. सकाळी सोबत्याला मातीतून काढायचं आणि दुपारी गावात पिठाची पोती पोहोचवायची, असे ते दिवस होते. मी तेव्हा हवालदार होतो.

पहिल्या दिवशी आम्ही तुमच्यासारखंच केलं. गाडी रस्त्यावर उभी केली, फाळका पाडला आणि ब्लँकेटं द्यायला लागलो. पुढं सगळी तरणी पोरं. मागं फेरन, म्हणजे तिकडचा लांब ढगळ झगा, घातलेली एक म्हातारी नुसता हात वर करून उभी. एका जवानानं तिच्याकडं ब्लँकेट फेकलं, ते चिखलात पडलं. तिनं ते उचललं नाही. वळली आणि चढ चढून निघून गेली. आमच्या सुभेदारसाहेबांनी तिथंच वाटप बंद केलं. म्हणाले, फेकायचं नाही, हातात द्यायचं.

दुसऱ्या दिवशी नंबरदार (तिकडचा गावप्रमुख), मास्तर आणि मौलवींना बसवून घरटी यादी केली. तरी वर डोंगराच्या धारेवरची गुज्जरांची, म्हणजे तिकडच्या गुराखी समाजाची, घरं त्यात नव्हतीच. कुणी मुद्दाम गाळली नव्हती. गावाच्या हिशेबात ती माणसं गावातली नव्हती, एवढंच. दोन जवान वर जाऊन आले तेव्हा कळलं. मग आम्ही क्रम उलटा केला : आधी सगळ्यात वरचं घर, रस्त्याकडेचं शेवटी. निवाऱ्यासाठीचे पत्रे खांद्यावरून न्यावे लागले. डोंगरातल्या वाऱ्यात पत्रा फुगतो, माणसाला मागं ओढतो, कडेनं तळहात कापतो. आणि वर पोहोचल्यावर कळलं की खिळे आणलेच नाहीत. बर्फ तोंडावर आलेलं आणि पत्रे नुसते पडून. तेव्हापासून मी वस्तू मोजत नाही, त्या वस्तूनं काम पुरं होतं का ते बघतो.

रमजान चालू होता. आम्ही भर दुपारी चहा-बिस्किटं पुढं केली, लोकांनी हात जोडले. चूक आमची. नंतर वाटप दुपारच्या उत्तरार्धात नेलं, म्हणजे रोजा सोडायच्या आत शिधा घरात पोहोचायचा. आणखी एक नेम कडक पाळला. वाटताना कुणाकडं कसलीही चौकशी करायची नाही. सीमेवरच्या गावात वर्दीवाल्यानं हातानं पीठ देऊन तोंडानं प्रश्न विचारला, की त्या पिठाची किंमत लागते. मग पुढच्या वेळी दार उघडत नाही.

आता तुमचं. कडक भाकरी नेली हे फार शहाणपणाचं केलंत. चूल भिजलेली, जळण ओलं, तिथं आठवडाभर टिकणारी भाकरी लाख मोलाची. पण टेम्पो पाराशी न्यायचा नाही. आपल्याकडची बरीच माणसं वस्तीवर राहतात, उसाच्या फडापलीकडं, अन् गाळातून ती पारापर्यंत येतात तोवर सगळं संपलेलं असतं. आदल्या दिवशी दोघी जणी जा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरोबर घ्या, त्यांना कुठल्या घरात बाळंतीण आहे, कोण एकटं आहे हे ठाऊक असतं. रेशनकार्डाच्या यादीवर विसंबू नका, बाहेरून आलेले सालगडी त्यात सापडत नाहीत. घराघरात चिठ्ठी द्या, मग चिठ्ठीवर वाटा. ट्रॅक्टर मिळाला तर सगळ्यात लांबच्या वस्तीपासून सुरुवात करा. दहा संच शेवटपर्यंत बाजूला ठेवा, उशिरा येणाऱ्यांसाठी. घेणाऱ्याचा फोटो काढू नका. जनावरांसाठी कडब्याच्या पेंढ्या जमल्या तर घ्याच, दावणीला उपाशी गाय असताना माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्या दोन म्हाताऱ्यांची वस्ती शोधणं अवघड नाही. त्याच गावच्या आशाताईंना विचारा. पुढच्या खेपेला मला सांगा, मी येतो बरोबर.