एकाच आलेखात पाऊस आणि तापमान

प्रश्न : महाबळेश्वरचा मासिक पाऊस व तापमान एक्सेलच्या एकाच आलेखात मांडले, तर तापमानाची रेषा तळाशी सपाट दिसते. काय करावे?

उत्तर : जुलैतला पाऊस २००० मिलिमीटरच्या घरात आणि तापमान सुमारे २० अंश, त्यामुळे एकाच अक्षावर तापमानातला चढउतार दिसणारच नाही. त्या रेषेवर राइट-क्लिक करून ‘फॉरमॅट डेटा सीरिज’मध्ये ‘सेकंडरी अॅक्सिस’ (म्हणजे तापमानासाठी वेगळ्या मोजपट्टीचा दुसरा अक्ष) निवडावा. रेषा माउसने पकडता येत नसेल, तर ‘फॉरमॅट’ टॅबच्या डाव्या टोकाच्या यादीतून ती निवडता येते. पावसासाठी स्तंभ आणि तापमानासाठी रेषा ठेवावी, दोन्ही अक्षांवर एकके लिहावीत. मात्र रेषा स्तंभांना जिथे छेदते त्या बिंदूला स्वतःचा अर्थ नसतो, तो केवळ आपण निवडलेल्या मोजपट्ट्यांचा परिणाम असतो, हे आलेखाखाली आवर्जून नमूद करावे.