चर्चच्या हॉलमध्ये थंडीपुरता बेघरांसाठी निवारा आणि जेवण सुरू करायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही चाळीसगावचे आहात, मंडळीतले आठ-दहा जण तयार आहेत आणि ब्लँकेटं जमवायला घेतली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. भुसावळला आमच्या छोट्या चर्चमध्ये आम्ही पाच हिवाळे हे काम करतोय, त्यावरून सांगते.

ब्लँकेटांपासून सुरुवात करू नका. आम्ही तेच केलं होतं. पहिल्या वर्षी स्टेशनबाहेर चाळीस ब्लँकेटं वाटली आणि आठवडाभरात त्यातली बरीच दिसेनाशी झाली. 'विकून दारू प्यायले,' असं आमच्यातलेच म्हणायला लागले. शेवटी धुळ्याकडच्या एका आजोबांना मी विचारलं. ते म्हणाले, "माय, दिनभर ते कोठे ठेवू?" मला उत्तर देता आलं नाही. ब्लँकेट काखेत मारून हमाली होत नाही, आणि फलाटाच्या कोपऱ्यात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत राहत नाही.

म्हणून सगळ्यात आधी गाठोडी ठेवायची सोय करा. आम्ही मागच्या खोलीत जुनं लोखंडी रॅक लावलं. प्रत्येक गाठोड्याला नंबरचा पत्र्याचा बिल्ला, त्याच नंबरचा दुसरा बिल्ला माणसाच्या हातात. खोलीला कुलूप. गाठोडं आम्ही कधीच उघडून पाहत नाही. आधी जी माणसं दारापर्यंत येऊन माघारी फिरायची, ती त्यानंतर आत येऊ लागली. गाठोड्यात आधार कार्ड असतं, औषधाची चिठ्ठी असते, एखाद्याच्या बायकोचा फोटो असतो. ते सोडून कोण झोपायला येईल?

किती जणांना घ्यायचं हे जागेवरून ठरवा. शहरी बेघरांच्या सरकारी निवाऱ्यांसाठी माणशी ५० चौरस फूट जागा धरतात. आमचा हॉल ६०० चौरस फुटांचा, म्हणून बाराच जण, आणि फक्त पुरुष. बाई आली तर १८१ या महिला हेल्पलाइनवर आणि एकटं मूल आलं तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करतो. पहिल्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि नगरपालिकेत लेखी कळवा. भ्रमिष्ट अवस्थेत कोणी फिरताना दिसलं, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षणात घेऊन सरकारी दवाखान्यापर्यंत नेणं पोलिसांचं काम आहे. ही ओळख तेव्हा उपयोगी पडते.

बंद खोलीत शेगडी पेटवू देऊ नका. कोळशाच्या धुरातल्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. पिऊन आलेल्याला, तो शांत असेल तर, परत पाठवू नका. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता उलट लवकर जाते. बाहेर खरा धोका त्यालाच असतो.

जेवण मऊ आणि कमी तिखट ठेवा. आपल्याकडचं झणझणीत वरण उपाशी पोटाला सोसत नाही, आणि बऱ्याच जणांना दात नसतात. आम्ही खिचडी-कढी करतो, रविवारी भरीत आणि कळण्याची भाकरी. भाकरी कुस्करून घ्यायला गरम, कमी तिखट वरण मात्र लागतंच. जेवणाआधी कोणाला प्रार्थनेला बसवू नका. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. अशा माणसाकडून प्रार्थना करून घेणं मला देवासमोर बरं वाटत नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. दुसऱ्या वर्षी २४ डिसेंबरला मंडळीच्या जेवणासाठी हॉल हवा होता, म्हणून एका रात्रीपुरता निवारा बंद ठेवला. कोणालाच आधी सांगितलं नव्हतं. आत येशूच्या जन्मावेळी मरियेला उतारशाळेत जागा न मिळाल्याचं वाचन चाललं होतं आणि तेच आजोबा बिल्ला हातात घेऊन गेटवर उभे होते. कोणीतरी त्यांना 'उद्या या' म्हणालं. ते पुन्हा आले नाहीत. त्यांचं गाठोडं अजून रॅकवर आहे.

तेव्हापासून नाताळचं जेवण अंगणात मांडव घालून होतं आणि हॉल त्या रात्रीही उघडा असतो. तुम्हाला दोन महिने जमणार नसेल तर तीनच आठवडे करा, पण त्या तीन आठवड्यांत रोज आठ वाजता दार उघडलं पाहिजे. तारखा आणि वेळ गेटवर मोठ्या अक्षरात लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी बाहेर एक दिवा लावा आणि दार उघडं असेपर्यंत तो विझवू नका.