अस्तंब्याची यात्रा पायी, एकट्याने करता येते का?

येते. अस्तंबा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं सातपुड्याचं शिखर, अश्वत्थाम्याचं ठाणं मानलं जाणारं; दिवाळीत तिथे यात्रा भरते. मी तीनदा गेलोय. त्यातल्या एका खेपेला अर्धा चढ एकटाच होतो, मनात नसताना.

धनतेरसला तळोद्याहून आमचा जत्था निघाला. कोठार, देवनदी, वाटेतले हे टप्पे सगळे सोबत. रात्री चढावर माझ्या बुटाचा तळ उचकटला. सुतळीने आवळून बांधेपर्यंत 'अश्वत्थामा महाराज की जय' वर कुठेतरी विरून गेलं. बॅटरी पिवळी पडलेली, पावसाळ्यानंतरचं कमरेएवढं गवत. वाट सोडून मी भलत्याच नाल्यात उतरलो.

तिथे एक म्हातारा पावरा, इथल्या डोंगरातला आदिवासी, उभा. आधी त्याच्या बोलीत, मग मला कळेल असं म्हणाला, "तिकडे कुठे? दरी आहे." आणि पुढे चालू लागला. वाटेला लावल्यावर विडी मागितली. मी ओढत नाही म्हटल्यावर वैतागला. चिवड्याची पुडी दिली, ती घेऊन गेला.

घरी सांगितलं तर मामा म्हणे, "येडा, तो अश्वत्थामाच व्हता!" चुकलेल्याला तोच वाट दाखवतो, कपाळावरच्या जखमेला तेल मागतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी म्हटलं, तेल नाही, विडी मागितली. "रूप बदलीसन येस तो!" आता दर लग्नात मामा माझीच गोष्ट सांगतो आणि दरवेळी म्हाताऱ्याची दाढी वीतभर वाढते.

मला याचा राग येतो. डोंगरात राहणारा माणूस झोपमोड करून खाली उतरतो, आणि श्रेय देवाला. शिखरावर नारळ फोडायचा आणि येताना याच लोकांच्या शेतात पाण्याच्या बाटल्या फेकायच्या! नाव मीही विचारलं नाही म्हणा.

तर एकट्याने जमतं, पण जाऊ नका. महाराष्ट्रातल्या सातपुड्याचं हे सगळ्यात उंच शिखर, 1325 मीटर; शेवटचा खडक अंधारात फसवतो. पाणी खालूनच भरून घ्या. पायी गेलात तरी परतताना पाय बोलतात आणि माणूस दिसेल त्या गाडीत चढतो. खच्चून भरलेल्या पिकअपमध्ये बसू नका; 2025च्या यात्रेत चांदसैली घाटात गाडी उलटून माणसं गेली. तास किती लागतात ते तुमच्या गुडघ्यांना विचारा.

आणि मामा, भाच्याचं उत्तर कोणी वाचून दाखवलंच तर ऐक: बॅटरी पिवळी होती, पण कपाळ मी नीट बघितलं होतं. घाम होता.